अपोक्रोमॅटिक दूरदर्शक आणि खगोलीय छायाचित्रण : उपसाधनांच्या निवडीची काही तत्त्वे

दूरदर्शकाचा इतिहास भिंगाकडून आरशाकडे गेला, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. यर्क्स वेधशाळेतील १०२ सेंटिमीटर व्यासाचे वस्तुभिंग १८९७ मध्ये कार्यान्वित झाले, आणि त्यानंतर त्याहून मोठा वक्रीभवनी दूरदर्शक तारकीय वेधांसाठी रूढ झाला नाही. भिंगातून प्रकाश आरपार जावयाचा असल्याने त्यास केवळ कडेनेच आधार देता येतो. व्यास वाढला की ते स्वतःच्याच भाराने वाकते, आणि काचेची जाडी वाढून प्रकाशाचे शोषणही वाढते. या कारणांनी मोठ्या वेधशाळांतून भिंगाने माघार घेतली. परंतु त्यावरून लहान वक्रीभवनी दूरदर्शकाचे संशोधनातील स्थान संपले असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल.

याचे ठळक उदाहरण देवयानी दीर्घिकेच्या परिसरातील आहे. २०२२ मध्ये मार्सेल ड्रेक्सलर, झेव्हियर स्ट्रॉटनर आणि यान सँटी या हौशी निरीक्षकांना दीर्घिकेच्या केंद्रापासून सुमारे १.२ अंश आग्नेयेस, सुमारे १.५ अंश लांबीची एक अतिमंद कमान आढळली. द्विआयनित ऑक्सिजनच्या ५००.७ नॅनोमीटर रेषेत ती दिसते. हायड्रोजनच्या लाल रेषेत दिसत नाही. जानेवारी २०२३ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. ही कमान देवयानीच्या प्रभामंडलात आहे की आपल्याच आकाशगंगेत अलीकडे आहे, याविषयी पुढे मतभेद झाले. देवयानी दीर्घिका ही आकाशातील सर्वांत अधिक छायाचित्रित वस्तूंपैकी एक असूनही ही कमान तोवर कोणाच्या नजरेस आली नव्हती. आणि ती ज्या साधनाने सापडली, त्याच्या वस्तुभिंगाचा व्यास होता अवघा १०६ मिलिमीटर.

असा दूरदर्शक आज एखाद्या विद्यापीठीय विभागाच्या, किंबहुना एखाद्या व्यक्तीच्याही आवाक्यात येऊ शकतो. परंतु उत्तम भिंग हाती आले म्हणजे उत्तम छायाचित्र हाती आले असे होत नाही. दूरदर्शकाच्या भोवती जी उपसाधने उभी करावी लागतात त्यांतील सर्वांत दुर्बळ साधनच अखेर चित्राची गुणवत्ता ठरविते. या उपसाधनांची निवड विक्रेत्याच्या सूचीवरून न करता भौतिकीच्या साध्या गणितावरून कशी करावी, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. विवेचन मूर्त व्हावे म्हणून ताकाहाशी या जपानी निर्मात्याचा एफएसक्यू-१०६ ईडी हा दूरदर्शक नमुन्यादाखल घेतला आहे. त्याचा व्यास १०६ मिलिमीटर, केंद्रांतर ५३० मिलिमीटर, आणि म्हणून केंद्रगुणोत्तर (केंद्रांतर भागिले व्यास) ५ आहे. हे आकडे बदलून कोणत्याही अन्य दूरदर्शकास हेच गणित लावता येईल.

१. वस्तुभिंगाचे मूल्य कशात आहे ?

एकाच काचेच्या भिंगात निरनिराळ्या वर्णांचे किरण निरनिराळ्या अंतरांवर एकत्र येतात. क्राउन आणि फ्लिंट या दोन काचांची जोडी केल्यास दोन वर्ण एका बिंदूवर आणता येतात, हे चेस्टर मूर हॉल याने अठराव्या शतकाच्या चौथ्या दशकात ओळखले, आणि जॉन डॉलंड याने १७५८ मध्ये त्याचे एकस्व घेतले. अशा अवर्णक भिंगात जो वर्णदोष शिल्लक राहतो त्यास द्वितीयक वर्णपट म्हणतात. सामान्य काचांच्या जोडीत त्याचे मान केंद्रांतराच्या सुमारे दोन-हजारांशाइतके असते. आपल्या नमुन्यातील केंद्रांतरास हे मान ५३० ÷ २००० म्हणजे सुमारे ०.२७ मिलिमीटर येते.

हे अंतर मोठे की लहान, हे ठरविण्यास दुसरे एक मान हवे. पाव तरंगलांबीइतका दोष सह्य मानला, तर केंद्रप्रतलाच्या दोन्ही बाजूंस सह्य अंतर २λन² इतके येते. येथे λ ही तरंगलांबी आणि न हे केंद्रगुणोत्तर होय. λ = ०.५५ मायक्रोमीटर व न = ५ घेतल्यास हे अंतर ± २७.५ मायक्रोमीटर भरते. याचा अर्थ असा की सामान्य अवर्णक भिंग या प्रमाणात बांधले तर त्याचा शेष वर्णदोष सह्य मर्यादेच्या सुमारे दहापट होईल, आणि प्रत्येक तेजस्वी ताऱ्याभोवती जांभळे वलय उमटेल. अपोक्रोमॅटिक भिंगास जी किंमत मोजावी लागते ती हे दहापटीचे अंतर मिटविण्यासाठी होय.

ते मिटविण्याचा मार्ग म्हणजे अत्यल्प अपस्करणाचे द्रव्य वापरणे. सामान्य क्राउन काचेचा आब्बे-अंक ६४ च्या आसपास असतो. कॅल्शियम फ्लोराइडाच्या स्फटिकाचा सुमारे ९५ असतो. अर्न्स्ट आब्बे याने नैसर्गिक फ्लुओराइट वापरून सूक्ष्मदर्शकाची अपोक्रोमॅटिक भिंगे १८८६ मध्ये सिद्ध केली होती. दूरदर्शकाच्या मापाचे निर्दोष स्फटिक निसर्गात दुर्मिळ असल्याने त्या क्षेत्रात ही कल्पना कृत्रिम स्फटिक, आणि पुढे तत्सम गुणधर्मांच्या ईडी काचा, निघेपर्यंत रुजली नाही. येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट आहे. फ्लुओराइट म्हटले की श्रेष्ठ, आणि ईडी काच म्हटली की कनिष्ठ, असे नसते. उत्तम ईडी काचेचा आब्बे-अंकही ९५ च्या अगदी जवळ असतो. जोडीदार काचेची निवड, पृष्ठभागांचे घासकाम आणि भिंगांची समकेंद्रता या गोष्टी अधिक निर्णायक ठरतात.

दृश्य वेधांसाठी उत्तम असलेले भिंग छायाचित्रणासाठीही उत्तम असेलच असे नाही, हा धडा जुना आहे. १७ जुलै १८५० रोजी हार्वर्ड येथील १५ इंची दूरदर्शकाने अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेतले गेले. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचे ते पहिले छायाचित्र होय. त्या काळच्या पट्ट्या निळ्या प्रकाशासच संवेदनक्षम होत्या, आणि भिंगे मात्र डोळ्यास प्रिय अशा पिवळ्या-हिरव्या प्रकाशासाठी घडविलेली होती. म्हणून ल्यूइस रदरफर्ड याने १८६४ मध्ये केवळ छायाचित्रणासाठी शोधित केलेले ११ १/४ इंची वस्तुभिंग तयार करविले. डोळ्याने पाहण्यास ते निरुपयोगी होते. आजचा सिलिकॉन संवेदक डोळ्यापेक्षा दोन्ही बाजूंस दूरवर पाहतो. तेव्हा भिंगाचा विचार ४०० ते ७०० नॅनोमीटर या संपूर्ण पट्ट्यात करावा, आणि त्यापलीकडील जंबुपार व अवरक्त प्रकाश गाळणीने तोडावा. नेत्रिकेतून चंद्र निष्कलंक दिसतो, एवढ्यावरून भिंगाची परीक्षा पुरी होत नाही.

आपल्या नमुन्याचा दुसरा विशेष त्याच्या रचनेत आहे. यॉझेफ पेट्झव्हाल याने १८४० मध्ये व्यक्तिचित्रणासाठी पुढे एक व मागे एक असे दोन भिंगगट असलेली रचना मांडली. त्याच कल्पनेवर आधारलेल्या या चार भिंगांच्या दूरदर्शकात मागील गट क्षेत्रवक्रता नाहीशी करतो, आणि सुमारे ८८ मिलिमीटर व्यासाचे प्रकाशित प्रतिमावर्तुळ मिळते. सामान्य दोन वा तीन भिंगांच्या अपोक्रोमॅटास मात्र क्षेत्र सपाट करणारे निराळे भिंग जोडावे लागते, आणि त्यापासून संवेदकापर्यंतचे अंतर निर्मात्याने नेमून दिलेले असते. हे अंतर पाळताना मध्ये येणाऱ्या गाळणीचा हिशेब विसरू नये. ज जाडीच्या काचेमुळे केंद्र सुमारे ज/३ इतके मागे सरकते. २ मिलिमीटर जाडीच्या गाळणीसाठी सुमारे ०.७ मिलिमीटर अंतर वाढवावे लागते.

२. संवेदकाची निवड : प्रमाण आणि क्षेत्र

१८८७ मध्ये पॅरिस येथे संपूर्ण आकाशाच्या छायाचित्रीय नकाशाची योजना आखली गेली, तेव्हा तीतील दूरदर्शकांसाठी ३३ सेंटिमीटर व्यास आणि सुमारे ३.४ मीटर केंद्रांतर ठरविण्यात आले. हेतू असा की पट्टीवरील १ मिलिमीटर म्हणजे आकाशातील बरोबर १ कला व्हावी. या योजनेत हैदराबादच्या निझामिया वेधशाळेनेही आपला वाटा उचलला. वेधाचा प्रश्न आधी आणि साधनाचे माप नंतर, ही शिस्त त्या योजनेपासून घेण्यासारखी आहे.

आज पट्टीच्या जागी संवेदक आणि मिलिमीटरच्या जागी पिक्सेल आला, तरी सूत्र तेच आहे. दर पिक्सेलास किती विकला हे काढण्यासाठी पिक्सेलाचे मायक्रोमीटरमधील माप २०६.३ ने गुणावे आणि केंद्रांतराच्या मिलिमीटरांनी भागावे. सध्या प्रचलित असलेल्या अनेक संवेदकांचा पिक्सेल ३.७६ मायक्रोमीटरचा असतो. ५३० मिलिमीटर केंद्रांतरास त्याचे प्रमाण १.४६ विकला येते.

हे प्रमाण योग्य आहे काय ? १०६ मिलिमीटर व्यासाची रेलीच्या निकषाप्रमाणे विभेदनमर्यादा ५५० नॅनोमीटर तरंगलांबीस १.३ विकला आहे. वातावरणाच्या चंचलतेने ताऱ्याची प्रतिमा सुमारे ३ विकला रुंद होते असे धरले, तर प्रतिमेच्या रुंदीत किमान दोन पिक्सेल बसावेत हा नमुनानिवडीचा नियम १.४६ विकलांच्या प्रमाणाने नेमका पाळला जातो. केंद्रांतर १.६ पट करणारे वर्धक भिंग लावल्यास केंद्रांतर ८५० मिलिमीटर व प्रमाण ०.९१ विकला होईल. परंतु अशा वातावरणात त्याने नवा तपशील मिळणार नाही, केवळ प्रत्येक पिक्सेलास मिळणारा प्रकाश सुमारे अडीच पटींनी घटेल. उलट ०.७३ पट करणारे संक्षेपक भिंग केंद्रांतर ३८५ मिलिमीटरवर आणते. प्रमाण २ विकला होते आणि क्षेत्र विस्तारते.

क्षेत्राचा हिशेब असा : २३.५ × १५.७ मिलिमीटरच्या संवेदकावर ५३० मिलिमीटर केंद्रांतरास २.५ × १.७ अंशांचे आकाश येते. ३६ × २४ मिलिमीटरच्या संवेदकावर ३.९ × २.६ अंशांचे. सुमारे ३ अंश लांबीची देवयानी दीर्घिका आणि तिच्या बाजूची १.५ अंशांची कमान या क्षेत्रात स्वच्छ पार्श्वभूमीसह बसते. मोठ्या दूरदर्शकांचे क्षेत्र बहुधा याच्या लहानशा अंशाइतके असते. तेथे अशी वस्तू चौकटीच्या बाहेर पसरते आणि पार्श्वभूमी वजा करताना तिच्यासह नाहीशी होण्याचा धोका असतो. मंद आणि विस्तृत वस्तूंसाठी लहान भिंगाचे जे सामर्थ्य आहे त्याचे रहस्य येथे आहे. आरशाच्या दूरदर्शकातील दुय्यम आरसा व त्याचे आधार यांनी होणारे विवर्तनही येथे नसते. न्यू मेक्सिकोतील ड्रॅगनफ्लाय या उपक्रमाने हेच तत्त्व पत्करले : ४०० मिलिमीटर केंद्रांतराची आठ छायाचित्रण-भिंगे एकाच दिशेस रोखून त्याने सुरुवात केली, पुढे त्यांची संख्या ४८ वर नेली, आणि २०१५ मध्ये अरुंधती केश दीर्घिकासमूहात ४७ अतिविसरित दीर्घिका जाहीर केल्या.

एकवर्णी संवेदक घ्यावा की वर्णसंवेदक, या प्रश्नाचे उत्तरही कामावर अवलंबून आहे. वर्णसंवेदकाच्या चार पिक्सेलांपैकी हायड्रोजनच्या लाल रेषेस प्रामुख्याने एकच प्रतिसाद देतो. रेषीय प्रकाशात काम करावयाचे तर एकवर्णी संवेदकच योग्य. संवेदक थंड करण्याची सोय आवश्यक मानावी. सिलिकॉनमधील अंधार-प्रवाह दर ६ ते ७ अंश सेल्सियसला दुप्पट होतो. आपल्याकडील रात्रीचे २० ते २५ अंश तापमान लक्षात घेता, सभोवारापेक्षा ३० ते ३५ अंश खाली नेणारे विद्युत्-शीतक असल्यास उणे १० अंशांवर स्थिर राहता येते.

३. बैठक : पहिला खर्च येथे

१८२४ मध्ये डोर्पाट येथे बसविलेल्या फ्राउनहोफरच्या २४ सेंटिमीटर दूरदर्शकास घड्याळी यंत्राने फिरणारी विषुववृत्तीय बैठक होती. तिच्याच परंपरेतील बैठकीमुळे हेन्री ड्रेपर यास ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातील तेजोमेघाचे सुमारे ५० मिनिटांचे उद्भासन करता आले. कोणत्याही तेजोमेघाचे ते पहिले छायाचित्र होते. छायाचित्रणाचा इतिहास भिंगांचा जितका आहे तितकाच बैठकींचा आहे.

आकाश दर सेकंदास १५ विकला फिरते. १.४६ विकलांच्या पिक्सेलावर तारा वर्तुळाकार राहावा, यासाठी अनुसरणातील चूक, वर्गमाध्याच्या हिशेबाने, पिक्सेलाच्या निम्म्याहून कमी म्हणजे ०.७ विकलेच्या आत असावी. आपल्या नमुन्याच्या नळीचे वजन सुमारे ७ किलोग्रॅम आहे. त्यात कडी, संवेदक, गाळणीचक्र आणि अनुसरणाचे साहित्य मिळविले की भार १२ ते १३ किलोग्रॅमवर जातो. निर्माता जी भारक्षमता सांगतो ती बहुधा दृश्य वेधांची असते. छायाचित्रणासाठी तिच्या निम्म्या ते दोन-तृतीयांश भारापर्यंतच जाणे श्रेयस्कर. अर्थात् येथे किमान २० ते २५ किलोग्रॅम क्षमतेची बैठक हवी.

अलीकडे लवचीक दातेरी चक्राच्या, म्हणजे हार्मोनिक प्रकारच्या, हलक्या बैठकी लोकप्रिय झाल्या आहेत. त्यांस प्रतिभार बहुधा लागत नाही आणि दातांतील पोकळीही जवळजवळ नसते. मात्र त्यांची आवर्ती चूक चांगल्या मळसूत्री बैठकीपेक्षा मोठी असते आणि ती त्वरित बदलते. म्हणून अनुसरणाची दुरुस्ती दर सेकंदास वा त्याहूनही लवकर करावी लागते. साहित्य वाहून न्यावयाचे असेल तर ती, आणि कायम चौथऱ्यावर बसवावयाचे असेल तर मळसूत्री किंवा कोनमापकयुक्त बैठक, हा विवेक ठीक ठरेल.

ध्रुवाक्ष खगोलीय ध्रुवाकडे किती अचूक रोखावा, हेही मोजता येते. अक्षात १ कलेची चूक असल्यास ताऱ्याचे कमाल सरकणे दर मिनिटास सुमारे ०.२६ विकला असते. ५ कलांच्या चुकीत ५ मिनिटांच्या उद्भासनात ६.५ विकला, म्हणजे सुमारे साडेचार पिक्सेल. अनुसरण-यंत्रणा हे सरकणे थोपविते खरे, परंतु क्षेत्राचे मार्गदर्शक ताऱ्याभोवती फिरणे तिला थोपविता येत नाही. महाराष्ट्रात या बाबतीत विशेष काळजी घ्यावी लागते. पुण्याहून ध्रुवबिंदू क्षितिजापासून केवळ साडेअठरा अंशांवर असतो. त्या उंचीवर वातावरणीय वक्रीभवनाने तो सुमारे ३ कला वर उचलल्यासारखा भासतो. ध्रुवतारा स्वतः ध्रुवबिंदूपासून सुमारे ३८ कला दूर आहे, आणि धुळीत वा इमारतींआड तो पुष्कळदा दिसतही नाही. अशा वेळी दक्षिणोत्तर वृत्तावरील आणि पूर्व-पश्चिम क्षितिजांजवळील ताऱ्यांचे सरकणे पाहून अक्ष जुळविण्याची जुनी रीत, किंवा छायाचित्रातील ताऱ्यांवरून दिशा काढणारी संगणकीय रीत, अधिक विश्वसनीय आहे.

४. अनुसरणाचे साहित्य

मुख्य नळीवर बसविलेल्या लहान दूरदर्शकाने मार्गदर्शक ताऱ्यावर लक्ष ठेवण्याची पद्धत सोपी आहे. परंतु दोन नळ्यांमध्ये रात्रभरात पडणारा सूक्ष्म फरक तिला दिसत नाही. कड्यांमधील अंतर २५० मिलिमीटर असून एक कडे ५ मायक्रोमीटर दबले, तर दिशेत ४ विकलांचा फरक पडतो. म्हणजे जवळपास तीन पिक्सेल. ५३० मिलिमीटर केंद्रांतरास घट्ट कड्यांनी हा दोष आटोक्यात राहतो. त्याहून दीर्घ केंद्रांतरास, किंवा दहा मिनिटांहून दीर्घ उद्भासनास, मुख्य भिंगाच्याच प्रकाशशंकूच्या कडेचा थोडा प्रकाश लोलकाने वळवून मार्गदर्शक संवेदकाकडे नेणारा ऑफ-अ‍ॅक्सिस गायडर घ्यावा. त्याचा लोलक संवेदकावर सावली पाडणार नाही इतका बाहेर ठेवणे आवश्यक.

५. केंद्रणाची यंत्रणा

सह्य केंद्रांतर-मर्यादा ± २७.५ मायक्रोमीटर आहे, हे वर आले आहे. अ‍ॅल्युमिनियमची नळी दर अंश सेल्सियसला लांबीच्या २३ दशलक्षांशांनी आकुंचन पावते. ५३० मिलिमीटर लांबीस हे १२ मायक्रोमीटर होते. भिंगांच्या वक्रीभवनांकातील बदल बाजूस ठेवला तरी तापमान सव्वादोन अंशांनी उतरले की चित्र मर्यादेबाहेर जाते. दख्खनच्या पठारावर हिवाळ्यात सायंकाळपासून पहाटेपर्यंत याच्या कितीतरी पट उतार होतो. तेव्हा संगणकाने चालणारी केंद्रण-मोटर आणि नळीस लावलेला तापमापक ही चैन नव्हे. संक्षेपक भिंगासह केंद्रगुणोत्तर ३.६ झाले म्हणजे मर्यादा ± १४ मायक्रोमीटरवर येते, आणि दर सव्वा अंशास केंद्रण तपासावे लागते.

हेच गणित संवेदकाच्या तिरकेपणास लागू पडते. ३६ × २४ मिलिमीटर संवेदकाचा कर्ण ४३ मिलिमीटर आहे. त्याच्या दोन टोकांत ५५ मायक्रोमीटरचा फरक पडण्यास सुमारे ४ कलांचा तिरकेपणा पुरतो, आणि केंद्रगुणोत्तर ३.६ ला २ कलांहून थोडा अधिक. म्हणून प्रत्येक जोड मळसूत्राचा असावा. बाजूच्या स्क्रूने आवळले जाणारे सैल जोड टाळावेत. वेगवान केंद्रगुणोत्तर आणि मोठा संवेदक यांचे आकर्षण ज्यास असेल त्याने तिरकेपणा दुरुस्त करणारी चकतीही हिशेबात धरावी.

६. प्रकाशगाळण्या

शहरी आकाशात विस्तृत पट्ट्याच्या गाळण्यांना मर्यादित यश मिळते. उलट हायड्रोजन ६५६.३, ऑक्सिजन ५००.७ आणि गंधक ६७१.६ व ६७३.१ नॅनोमीटर या रेषांसाठी ३ ते ७ नॅनोमीटर रुंदीच्या गाळण्या पार्श्वभूमीचा फार मोठा भाग वगळतात आणि रेषीय प्रकाश जवळजवळ संपूर्ण येऊ देतात. मात्र दीर्घिकांच्या तारकीय, अखंड वर्णपटाच्या प्रकाशास त्यांचा उपयोग नाही. त्यासाठी अंधाऱ्या आकाशाखाली जाण्यावाचून गत्यंतर नाही.

गाळणी निवडताना केंद्रगुणोत्तर विचारात घ्यावे. व्यतिकरणावर आधारलेल्या गाळणीतून किरण तिरपे गेले की तिचा पट्टा निळ्या टोकाकडे सरकतो. परिणामी वक्रीभवनांक २ धरल्यास, केंद्रगुणोत्तर ५ च्या शंकूतील कडेच्या किरणांसाठी हे सरकणे ५००.७ नॅनोमीटरला सुमारे ०.६ नॅनोमीटर, आणि केंद्रगुणोत्तर ३.६ ला सुमारे १.२ नॅनोमीटर येते. ३ नॅनोमीटरच्या गाळणीस मध्यापासून प्रत्येक बाजूस १.५ नॅनोमीटरच अवकाश असतो. अर्थात् मूळ दूरदर्शकास ती निर्धोक आहे. संक्षेपकासह मात्र कडेचा प्रकाश गमावला जाऊ शकतो, आणि तेथे वेगवान शंकूसाठी पट्टा मुद्दाम सरकवून घडविलेली गाळणी घ्यावी.

अति-अरुंद गाळणीचा दुसरा धोका परावर्तनाचा. गाळणी आणि संवेदक यांमधील २० मिलिमीटरच्या पोकळीत प्रकाश एकदा मागेपुढे परावर्तित झाला, तर केंद्रगुणोत्तर ५ ला तेजस्वी ताऱ्याभोवती ८ मिलिमीटर व्यासाचे फिकट वर्तुळ उमटते. आकाशात त्याचे माप ०.८६ अंश होते. म्हणजे प्रारंभी उल्लेखिलेल्या कमानीच्या मापाच्या तोडीचे! असे वर्तुळ वा त्याचा तुकडा तेजोमेघ समजला जाण्याची शक्यता उघड आहे. म्हणून मंद रचनेचा दावा करण्यापूर्वी चौकट बाजूस सरकवून व संवेदक फिरवून पुन्हा वेध घ्यावेत. खरी वस्तू ताऱ्यांच्या संदर्भात अचल राहते, परावर्तन हलते. देवयानीजवळच्या कमानीचा शोधही अन्य ठिकाणच्या, निराळ्या दूरदर्शकांतून तिची खात्री पटल्यावरच प्रसिद्ध झाला, ही गोष्ट विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावी.

७. उद्भासन आणि शोधनचित्रे

एकच दीर्घ उद्भासन घेण्याऐवजी अनेक लहान उद्भासने एकत्र मिळविण्याची आज रीत आहे. प्रत्येक उद्भासन किती दीर्घ असावे ? संवेदकाच्या वाचनातील गोंगाटाने एकूण गोंगाटात ५ टक्क्यांहून अधिक भर पडू नये अशी अट घातली, तर किमान काळ १० व²/प इतका येतो. व हा वाचन-गोंगाट इलेक्ट्रॉनांत, आणि प ही पार्श्वभूमी दर सेकंदास दर पिक्सेलामागे इलेक्ट्रॉनांत. व = १.५ धरू. उजळ आकाशात प = १ असल्यास २२ सेकंद पुरेत; अरुंद गाळणीमागे प = ०.०५ असल्यास सुमारे साडेसात मिनिटे लागतील. यावरून दिसेल की बैठकीकडून आपण जी अपेक्षा करतो ती अखेर गाळणीने ठरविलेली असते. उपसाधने परस्परांत अशी गुंतलेली आहेत.

एकूण काळाविषयी मात्र तडजोड नाही. संकेत व गोंगाट यांचे गुणोत्तर काळाच्या वर्गमूळाने वाढते; ते दुप्पट करण्यास चौपट काळ हवा. कमानीच्या सुप्रसिद्ध चित्रामागे ११० तासांहून अधिक उद्भासन आहे. रात्री सहा तास मिळाले तर हे एकोणीस रात्रींचे काम झाले. मोठ्या वेधशाळेत अशा संशयास्पद लाभासाठी एकोणीस रात्री कोणी देणार नाही. स्वतःच्या मालकीच्या लहान दूरदर्शकास त्या देता येतात. मालकीचा खरा अर्थ आणि खरा लाभ हाच होय.

या तासांचे चीज होण्यासाठी समप्रकाश चित्रे अपरिहार्य आहेत. क्षेत्राच्या कडेची अंधुकता आणि धुळीच्या कणांची छाया पार्श्वभूमीच्या काही टक्के असते. शोधावयाची वस्तू पुष्कळदा एका टक्क्याहूनही मंद असते. एकसारख्या उजळणारा फलक हे या कामी स्वस्त पण अमोल साधन आहे. त्याखेरीज त्याच तापमानाची व त्याच काळाची अंधार-चित्रे घ्यावीत, आणि दर दोन उद्भासनांमध्ये चौकट काही पिक्सेलांनी हलवावी, म्हणजे संवेदकाचे स्थिर दोष एकत्रीकरणात विरून जातात.

८. दव, वीज आणि पावसाळा

वस्तुभिंग उघड्या आकाशाकडे उष्णता उत्सर्जित करून हवेहून थंड होते, आणि त्यावर दव जमते. भिंगाभोवतीची काही वॉटांची तापपट्टी यास पुरते. ती दवबिंदूच्या किंचित् वर राहण्याइतकीच तापवावी, अन्यथा नळीतील हवा चळते. विजेचा अंदाज आधी करावा : संवेदकाचे शीतक, बैठक, पट्ट्या आणि लहान संगणक मिळून ७० वॉट धरले तर आठ तासांस ५६० वॉट-तास होतात. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लिथियम बॅटरी ते सहज पुरविते.

महाराष्ट्रात जून ते सप्टेंबर दूरदर्शक बहुधा बंदच राहतो, आणि भिंगाचे अधिक नुकसान याच काळात होते. बुरशी एकदा लेपात रुजली की तिचा डाग जात नाही. हवाबंद पेटीत सिलिका जेल ठेवून सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास राखावी, जेल वेळोवेळी तापवून कोरडे करावे, आणि चामड्याचे वा कापडाचे अस्तर असलेली पेटी टाळावी. भिंग वारंवार पुसणे हा धुळीपेक्षा मोठा शत्रू आहे. धूळ फुंकणीने उडवावी आणि द्रवाने स्वच्छ करण्याचा प्रसंग विरळा ठेवावा.

९. समारोप

वरील विवेचनावरून खरेदीचा क्रम आपोआप स्पष्ट होतो. प्रथम वेधाचा प्रश्न. त्यावरून क्षेत्र व प्रमाण, म्हणजे केंद्रांतर व संवेदक. नंतर बैठक, आणि तीत काटकसर नको. त्यानंतर केंद्रण-मोटर, घट्ट जोड व अनुसरणाचे साहित्य. मग प्रश्नास अनुरूप अशा गाळण्या. आणि समप्रकाश फलक, तापपट्ट्या व कोरडी पेटी ही अल्पमोली साधने अगदी आरंभापासून. वर्धक व संक्षेपक भिंगे सर्वांत शेवटी, मूळ केंद्रांतरावर निर्दोष चित्र मिळू लागल्यावर. निधी अपुरा असेल तर भिंगाचा व्यास कमी करावा, पण बैठक दुर्बळ घेऊ नये. ८० मिलिमीटरचे भिंग स्थिर बैठकीवर जे देईल ते १३० मिलिमीटरचे डळमळत्या बैठकीवर देणार नाही.

विभागात असा दूरदर्शक असल्यास त्याची नोंदवही ठेवणे हेही एक उपसाधनच मानावे. प्रत्येक रात्रीचे तापमान, केंद्रणाचे स्थान, अनुसरणातील चूक आणि पार्श्वभूमीची तेजस्विता नोंदविली, तर वर्षभराने कोणते साधन खरोखर अपुरे पडते आहे हे त्या आकड्यांवरूनच दिसेल, आणि पुढील खर्चाचा निर्णय अनुमानावर सोडावा लागणार नाही. पुण्याहून देवयानी दीर्घिका दक्षिणोत्तर वृत्तावर सुमारे ६७ अंश उंचीवर येते. ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत ती रात्रीचे पुष्कळ तास अनुकूल उंचीवर असते. तिच्या परिसरातील कमानीचे ऑक्सिजन-रेषेतील स्वतंत्र चित्र घेणे हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी एका हंगामाचा उत्तम प्रकल्प ठरेल. कारण तीत भिंगापासून समप्रकाश चित्रापर्यंत प्रत्येक साधनाची कसोटी लागते, आणि उत्तर आधी ठाऊक असल्याने आपल्या साधनांवर किती विश्वास ठेवावा हेही समजते.